आनंदचा बाप्तिस्मा

ज्या वाक्यावरून माझी आई आणि तिची धाकटी सख्खी बहीण करुणामावशी यांचं बोलणं कायमचं तुटलं, ते वाक्य आईनं कधीच उच्चारलं नव्हतं. ते मी बोललो होतो. आमच्या नात्यात आणि सौंसरच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी जुन्या गोष्टी काढल्या, की आजही म्हणतात, दीनाबाई देवमाणूस होती, पण धर्माच्या बाबतीत फार कडक. सख्ख्या बहिणीच्या मेलेल्या लेकरालाही तिनं सोडलं नाही. हे ऐकून मी मान खाली घालत आलो. लोकांना वाटतं, आईच्या आठवणीनं घातली. आता माझी पंचाहत्तरी जवळ आली आहे. हे प्रकरण लिहिल्याशिवाय बाकीच्या आठवणी लिहिल्या तर त्या सगळ्या खोट्या होतील.

सौंसरला आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे सरकी काढणाऱ्या रेच्यांचा घरघराट चाले, इतका की रविवारी तो थांबला की उलट कान दुखल्यासारखे वाटत. कापसाचे तंतू हवेत तरंगत येत, भिंतीच्या कोपऱ्यांत साचत. आई पाण्याच्या माठावर ओलं फडकं बांधून ठेवी, तरी भाकरीच्या पिठात एखादा तंतू सापडेच. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आमची मंडळी म्हणजे उणीपुरी पंधरा घरं. पत्र्याची एक लांबट खोली, दोन बाकं, एक पेटी आणि बाकी सतरंज्या, हेच आमचं देऊळ. पाळक महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून येत; इतर रविवारी उपासना बाबा चालवीत. आईकडे रविवारची शाळा होती आणि प्रभुभोजनाची तयारी. द्राक्षांचा रस आमच्याकडे कुठून येणार? आई आदल्या दिवशी मनुका भिजत घाली, उकळून, फडक्यातून पिळून तांबूस रस काढी. रस बाप्तिस्मा झालेल्यांना; उरलेला चोथा आम्हा पोरांना गुळाबरोबर मिळे. त्याची आंबट-गोड चव मला अजून आठवते. आमच्यात बाप्तिस्मा मोठेपणी होतो, माणसानं स्वतःच्या तोंडानं कबुली दिल्यावर, आणि तो पूर्ण पाण्यात बुडवून. आमच्या मंडळीतल्या बहुतेकांना रामाकोन्याजवळ कन्हानच्या पात्रात नेऊन बुडवलं होतं. माझा झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, आणि वर आल्यावर नाकात गेलेल्या पाण्यानं इतका खोकलो, की लोकांनी गाणं थांबवलं.

मावशीचं लग्न पांढुर्ण्याला झालं. मावसाजी रेल्वेत गँगमन होते आणि कॅथलिक होते. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून थोडी कुरबुर झाली, पण मावशी त्यांच्या रीतीत गेली आणि प्रकरण मिटलं. सण आले की दोघी बहिणी एकमेकींकडे जात. आमच्याकडे आली की मावशी जेवणाआधी कपाळ-छाती-खांदे असा क्रूस करी, आणि आई तिचं पुरं होईपर्यंत हातात भाकरी धरून थांबे. मग आई डोळे मिटून आपली प्रार्थना करी, आणि मावशी थांबे. एका जेवणाला दोन प्रार्थना. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटत नसे. फार तर भूक लागली असे.

मी सोळा वर्षांचा झालो त्या श्रावणात मावशीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. घरीच झाला. लेकरू निळं पडत चाललं होतं. फादर दूर कुठल्या गावी गेले होते. सुईण म्हणाली, बाई, याचा भरवसा नाही. तेव्हा मावशीनं आपल्या मुलीला, नऊ वर्षांच्या सुलभाला, पाणी आणायला सांगितलं. त्यांच्यात असा नेम आहे, की जीव जायची वेळ आली तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. सुलभानं घडवंचीवरून गिलास भरून आणला. मावशीनं पडल्या पडल्या, स्वतःच्या हातानं लेकराच्या टाळूवर पाणी ओतलं, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव घेतलं आणि त्याचं नाव आनंद ठेवलं. दुपारपर्यंत आनंद होता. नंतर फादर आले, म्हणाले, बाप्तिस्मा पक्का आहे, आणि त्याला रीतसर पुरलं. मावशी जो येईल त्याला सांगे, "नाव हाय त्याले. तो बिननावाचा नाई गेला."

आई पांढुर्ण्याहून परत आली तेव्हा मी तिला विचारलं होतं. हे मला इथे लिहायलाच हवं, कारण सगळा गुन्हा इथेच आहे. ती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी म्हणालो, "आई, आपल्यात तं असा बाप्तिस्मा धरत नाई ना?" तिचं सूप थांबलं. म्हणाली, "देव का तहसीलदार हाय, दाखले पाहाले? मायनं आपलं लेकरू त्याच्या हाती देल्लं. घेतलं त्यानं. तू याच्यावर कोठी तोंड उघडू नको, सांगून ठेवतो." मग पुन्हा सूप चालू झालं.

दिवाळीच्या सुट्टीत मावशी सुलभाला घेऊन आठ दिवसांसाठी आमच्याकडे आली. फार वाळली होती. आईनं तिला कामाला हात लावू दिला नाही. पण काम न करता मावशी नुसती भिंतीकडे पाहत बसे, म्हणून मग आईच तिच्यापुढे सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला टाकी. आई तिच्यासाठी रोज काहीतरी करी. कधी पाटोडीचा रस्सा, कधी सांबारवडी. सुलभा माझ्या मागे मागे असे. मी तिचा दादा. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, आणि नुकताच नागपूरला तरुणांच्या शिबिराला जाऊन आलो होतो. तिथे एका पाहुण्या उपदेशकानं आम्हाला खरी मंडळी कोणती, खोटी कोणती, हे चार दिवस समजावलं होतं. माझ्याकडे वही भरून टिपणं होती. मला असं झालं होतं, की कोणी विचारावं आणि मी सांगावं.

रविवारी आई म्हणाली, "आज पोट्ट्यांले तू घे. करुणा एकटी नको." अशी मला शाळा मिळाली. सातआठ पोरं होती, आणि त्यांच्यात सुलभा. सुरुवात लूकनं केली. हा आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, तोंडानं फार फटकळ.

"दादा, हे सुलभा म्हणते, त्यांच्या चर्चात गोळी भेटते."

"गोळी नाई, भाकर होय ते," सुलभा म्हणाली. "पांढरी, पतली. टाळूले चिपकते. दातानं चावाची नाई."

"मंग पोट कसं भरते?"

"पोट भराले देतेत का ते? तुमी का पोट भराले जाता?"

"आमाले तं मनुकाचा रस भेटते."

"तुले कोठी भेटते? तू तं चोथा खाते!"

सगळे हसले. लूकला ते लागलं. "तुमच्यात तं मूर्त्या असतेत."

"तुमच्यात तं मेणबत्तीबी नाई. लाइन गेली तं काय करता?"

"घरी जातो!"

पुन्हा हशा. मीही हसलो. तेवढ्यावर सोडून मी एखादं गाणं घ्यायला हवं होतं. पण लूक गंभीर झाला आणि म्हणाला, "पण दादा, येशू तं एकच हाय. मंग चर्च दोन काऊन?"

हा प्रश्न पुढे आयुष्यभर मला मुलांनी विचारला. मी शाळेत मास्तर झालो, तिथल्या हिंदू पोरांनी विचारला, माझ्या मुलांनी विचारला. परवा नागपूरच्या नातीनं फोनवर विचारला. मी प्रत्येक वेळी विषय बदलला. लोक म्हणतात, मास्तर शांत स्वभावाचे, वादात पडत नाहीत. शांत कसला, एकदा दिलेल्या उत्तराची भीती बसली होती. माणसं एकाच पुस्तकावर भांडली, कोणी राजासाठी भांडलं, कोणी सत्यासाठी, कोणी हट्टासाठी, आणि भांडणारे मेल्यावर त्यांच्या लेकरांना वेगळी घरं वारशानं मिळाली, एवढं मुलांना सांगता येतं. आपण आपल्या घरात राहावं आणि दुसऱ्याच्या घरात जाताना चपला काढाव्यात, एवढंही सांगता येतं. पण मी सोळा वर्षांचा होतो आणि माझ्याकडे वही होती.

मी म्हणालो, "जिनिंगमधे कापूस येते तवा त्याच्यात काय असते?"

"सरकी!" पोरं ओरडली. हे त्यांना न शिकवताही ठाऊक होतं.

"रेच्यातून काढल्यावर?"

"रुई!"

"तसं होय. पयले साराच कापूस सरकीचा होता. माणसाईनं घातलेल्या साऱ्या गोष्टी त्याच्यात होत्या. मंग काही लोकाईनं तो रेच्यातून काढला. आपली झाली रुई. काही लोक सरकीसगट रायले."

"म्हणजे आमी सरकी?" सुलभा म्हणाली. लूक तर सतरंजीवर लोळायचाच राहिला. "सरकी! सरकी!" पोरं चिडवू लागली. मी त्यांना गप्प करायचं सोडून पुढे निघालो. म्हणालो, "आता बाप्तिस्माच पाहा. लहान लेकराच्या डोक्यावर पाणी टाकलं, तं त्याले काय समजते? त्यानं हो म्हणलं का? नाई म्हणलं का? ज्यानं कबूल केलं नाई, त्याचा बाप्तिस्मा कसा होईन? तो धरत नाईत."

सुलभा हसायची थांबली होती. तिनं विचारलं, "मंग आमच्या आनंदचा?"

मला आईचं बोलणं आठवलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं आहे. आठवलं होतं. सूप थांबल्याचं आठवलं होतं. पण सातआठ पोरं माझ्याकडे पाहत होती, आणि मी जे आता सांगितलं त्याला अपवाद आहे असं म्हटलं, तर माझं सगळं रचलेलं पडत होतं. मी म्हणालो, "ते नुसतं पाणी होतं."

"गिलास मीच आणला होता," ती म्हणाली. एवढंच. मग मी पेटीवर गाणं घेतलं. ती गायली नाही.

घरी आल्यावर सुलभा जेवली नाही. दुपारी मावशीनं तिला मांडीवर ओढून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं. मी ओसरीवर होतो. मावशी आत ओरडली नाही. बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "काय रे, तू म्हणला का असं?"

मागून बाबाही आले. बाबा आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी. त्यांच्या नजरेत राग होता, आणि तो राग शिकवणुकीवर होता की मी ती कोणासमोर बोललो यावर, हे मला कळेना. मला फक्त माझ्यावरून ती नजर हटवायची होती. मी म्हणालो, "आईनंच तं तसं शिकवलं मले."

आई चुलीपाशी होती. दार उघडं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. अनोळखी माणूस घरात आल्यावर आपण पाहतो, तसं ते पाहणं होतं.

मावशी तिच्याकडे वळली. "बाई, तू बोल. तुया तोंडानं सांग. माया पोराचं झालं का नाई?"

आई चुलीपुढेच बसून राहिली. तव्यावरची भाकर करपली, तिचा वास ओसरीपर्यंत आला. शेवटी ती म्हणाली, "करुणा, बस. पयले चहा पी."

मावशीनं चहा घेतला नाही. तिनं पिशवी भरली, सुलभाचा हात धरला आणि बसस्टँडवर गेली. बाबा मागोमाग गेले, तर ती त्यांना म्हणाली, "भाऊजी, तुमी वापस जा. तिनं नाई म्हणलं असतं तरी मी सोसलं असतं. तिनं तं तेबी नाई म्हणलं."

त्या संध्याकाळी आई मला एकदाच बोलली. म्हणाली, "मी तोंड उघडलं असतं तं तू खोटा पडला असता, साऱ्याईसमोर. तू सोळा वर्षांचा हाय, तुले इथीच राहाचं हाय. करुणा माई बईण होय. आठ दिवसांत येईन. तू जा, तिले खरं सांगून ये." मी म्हणालो, जातो.

मी गेलो नाही. आधी शाळा होती, मग परीक्षा होती. आईची दोन पत्रं पांढुर्ण्याहून न फोडता परत आली. तिसरं तिनं लिहिलं नाही. एकदा, नोकरी लागल्यावर, मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडपर्यंत गेलो, टपरीवर चहा प्यालो, समोरून मावशीच्या गल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं आणि त्याच बसनं परत आलो. आईनं विचारलं नाही कुठे गेला होता. तिला कळलं असावं. लग्नं झाली, मरणं झाली, दोघी बहिणी एकमेकींना पत्रिका पाठवीत आणि जात नसत. शेवटच्या दुखण्यात आईनं मला विचारलं, "करुणाले कळवलं का?" मी हो म्हणालो. पत्र मी खरंच टाकलं होतं. त्यात लिहिलं होतं, आईची तब्येत बरी नाही, येऊन जा. जे लिहायला हवं होतं ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे मावशीला यायचं काही कारणच नव्हतं.

आणि मावशीही गेली, दोन वर्षांपूर्वी. मी तिच्या मातीला गेलो, मागे उभा राहिलो.

गेल्या ऑक्टोबरात मी सुलभाकडे गेलो. ती नर्स म्हणून निवृत्त झाली आहे, पांढुर्ण्यातच राहते. केस पूर्ण पांढरे, गुडघे माझ्यासारखेच. मी चहा येण्याच्या आधीच सांगायला सुरुवात केली, नाहीतर चहा पिऊन उठलो असतो. आईनं डाळ पाखडताना मला काय सांगितलं होतं, मी पोरांना काय सांगितलं, आणि ओसरीवर कोणाचं नाव घेतलं, सगळं. सुलभानं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"दाखले पाहाले देव का तहसीलदार हाय," ती म्हणाली. "दीनामावशी असं म्हणली होती?"

"हो."

"आनंदले घेतलं म्हणे? देवानं?"

"तसंच म्हणाली. घेतलं त्यानं."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात चहा होता, माझा एकट्याचा. "दादा," ती म्हणाली, "हे तू मले कायले सांगून राहिला? मी नऊ वर्षांची होती, माया काय घेऊन बसला. माई आई मरेपर्यंत विचारत होती, दीनाबाई काऊन बोलली नाई, दीनाबाई काऊन बोलली नाई. हे आईले सांगाचं होतं."

मी म्हणालो, आता काय करू?

"दोन नोव्हेंबरले ये. त्या दिवशी आमी साऱ्या कबरीवर जातो. तिथी सांग तिले."

"सुलभा, आमच्यात मेलेल्यांशी बोलत नाहीत."

"तुमच्यात नसन," ती म्हणाली. "पण सांगाचं कोणाले हाय? आमच्या माणसाले. मंग आमच्यावानी सांग."

"तू मला माफ..."

"ते मले विचारू नको. ते माया हाती नाई."

मी गेलो. कब्रस्तानात त्या दिवशी बरीच माणसं होती. कबरींना चुना दिलेला, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, वाऱ्यानं विझत होत्या आणि लोक पुन्हा लावत होते. पोरं एका कबरीवरून दुसरीवर उड्या मारत होती, कोणी रागवत नव्हतं. मावशीच्या शेजारी हातभर लांबीची एक जुनी कबर होती. तिच्यावर आनंद हे नाव काळ्या रंगानं ताजं गिरवलेलं होतं. सुलभानं दोन्हींवर मेणबत्त्या लावल्या आणि बाजूला झाली.

मी टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडले आणि पन्नास वर्षांच्या सवयीनं सुरू केलं, "हे प्रभू, आमच्या स्वर्गीय पित्या, आज तुझ्यापुढे..."

सुलभानं माझ्या कोपराला हात लावला.

"देवाशी नको बोलू, दादा," ती म्हणाली. "त्याले ठाऊकच हाय. तिच्याशी बोल."

मी डोळे उघडले. समोर चुना दिलेला दगड होता, त्यावर मेण ओघळत होतं. आमच्या पंधरा घरांतलं कोणी पाहत असेल का, हा विचार तिथेही आला, आणि तो आला याची मला लाज वाटली. सुलभा थांबली होती, घाई करत नव्हती. मग मी मोठ्यानं म्हणालो, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या कबरीवरच्या बाईनं वळून पाहिलं, "मावशी, आईनं तसं म्हणलं नव्हतं. मी म्हणलो होतो. आई तं म्हणत होती, आनंदले देवानं घेतलं."